वहिनींचे पिंप

पत्रेकामाच्या गल्लीत एखादी वस्तू ढिली निघाली की तिला ‘वहिनींचं पिंप’ म्हणण्याची रीत पडून गेली होती. बरणीचे झाकण गरगर फिरू लागले, दाराची कडी खुळखुळू लागली, कोणाच्या नव्या चपलेत पाय मागेपुढे सरकू लागला, की कोणीतरी हटकून म्हणे, “झालं, हे वहिनींचं पिंप.” बोलणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांनी ते पिंप पाहिलेसुद्धा नव्हते. वहिनींनी मात्र ते पाहिले होते, आणि बावीस वर्षे त्या हे बोलणे मुकाट्याने ऐकत आल्या होत्या.

त्यांना वहिनी म्हणणारा मुळात एकच माणूस होता, तो म्हणजे त्यांचा दीर. परंतु दुकानात दिवसभर “वहिनी, कात्री द्या”, “वहिनी, पत्रा धरा” असे कानी पडत असल्यामुळे प्रथम गिऱ्हाइकांनी आणि पुढे सर्व गल्लीने तेच नाव उचलले. दिराला त्या भाऊजी म्हणत. दुकान सासऱ्यांनी घातलेले होते. धान्याचे डबे, तेलाचे डबे, नरसाळी, चाळण्या असा माल तेथे तयार होई. थोरले, म्हणजे वहिनींचे यजमान, डाग देत. भाऊजी मापे घेऊन पत्र्यावर खडूने रेघ मारीत. आणि वहिनी त्या रेघेवर कात्री चालवीत. त्यांची कात्री रेघेवरून केसभरही हलत नसे असे थोरले चारचौघांत सांगत.

डब्याचे माप काढण्याचा नियम सासऱ्यांनी घालून दिलेला होता. डबा जेवढा रुंद, त्याच्या सव्वातीन पट लांब पत्रा कापायचा. दहा इंची डब्याला साडेबत्तीस इंच पत्रा. आठ इंची डब्याला हे माप किंचित अपुरे पडे, बारा इंचीला किंचित जास्त होई. पण मोगरीचे चार ठोके इकडेतिकडे दिले की जमून जाई. त्याहून मोठा माल दुकानात होत नसे.

मग एकदा एका धुलाईवाल्याने तीस इंच रुंद पिंप मागितले. भाऊजींनी सव्वातीन पट करून साडेसत्त्याण्णव इंचांचे माप काढले. अखंड पत्रा शहाण्णव इंचांचाच येतो. तो दीड इंचाने कमी पडला, म्हणून दुसरा कोरा पत्रा फोडून त्यातून पट्टी काढावी लागली, आणि त्या जोडासाठी नेहमीप्रमाणे नऊ सूत जास्तीचे धरले. इंचाचा आठवा भाग म्हणजे सूत. वहिनींनी रेघेवर कापले. पत्रा वळवला, सांधे ठोकले आणि तळ बसवायला घेतला, तो तळ सरळ आरपार खाली जाऊन फरशीवर आपटला. धुलाईवाला दारातच उभा होता. तो हसला आणि दुसरीकडे गेला.

भाऊजींनी माप पुन्हा पडताळले. तीस सव्वातीन साडेसत्त्याण्णव. गुणाकार बरोबर होता. मग चूक कोणाची? “वहिनी, पट्टी रुंद कापलीत तुम्ही,” ते म्हणाले. “रेघ सोडून कात्री गेली.” रेघ आता दाखवता येत नव्हती, कारण कापताना ती कात्रणाबरोबर गेली होती. वहिनींना तेव्हा आकडा लिहिता येत नव्हता, वाचताही येत नव्हता. रेघेवर कापले एवढेच त्या सांगू शकत होत्या, आणि तेवढे त्यांनी सांगितले. दुसऱ्या दिवसापासून कात्री भाऊजींनी स्वतःकडे घेतली आणि वहिनींच्या वाट्याला डब्यांना कान लावण्याचे काम आले. नऊ वर्षांपूर्वी थोरले गेले. त्यानंतर त्या दुकानात गेल्याच नाहीत.

वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी वहिनी वाचनालयाच्या माडीवर चालणाऱ्या प्रौढ वर्गात दाखल झाल्या. वर्ग घेणाऱ्या बाई वयाने त्यांच्या सुनेएवढ्या. तीन वर्षांत वहिनींनी बाराखडी, जोडाक्षरे, बेरीज-वजाबाकी, गुणाकार-भागाकार आणि शेवटी दशांश चिन्ह एवढा पल्ला गाठला. दशांश चिन्हाशी त्यांची झटापट दोन महिने चालली होती.

त्या वर्षी बाईंनी वाचनालयाच्या खालच्या दालनात रविवारी सकाळी सर्वांसाठी एक कार्यक्रम सुरू केला. दर रविवारी गणितातला एक प्रसिद्ध आकडा घ्यायचा आणि त्याच्याशी खेळायचे. परीक्षा नाही, पाठांतर नाही. पहिल्या रविवारी प्रत्येकाला एक लिहिण्याचा कागद दिला. तो मधोमध दुमडला तरी आकार तोच राहतो, पुन्हा दुमडला तरी तोच. आणि लांबीला रुंदीने भागले की दर वेळी एक पूर्णांक चार एक चार येतो. चौरसाच्या कर्णाचाही हाच आकडा, असे बाईंनी दाखवले तेव्हा लोक घरी जाऊन टेबले आणि फरश्या मोजू लागले.

दुसऱ्या रविवारी चष्म्यांचा खेळ झाला. चौदा जणांनी आपले चष्मे एका टोपलीत टाकले आणि डोळे मिटून प्रत्येकाने एक उचलला. कोणालाही स्वतःचा चष्मा मिळाला नाही, असे किती वेळा होते? वीस वेळा खेळ केला, त्यांत सात वेळा तसे झाले. विसाला साताने भागून पावणेतीनच्या थोडे वर आले. खरा आकडा दोन पूर्णांक सात एक आठ आहे आणि खेळ जितका जास्त वेळा खेळावा तितके आपण त्याच्या जवळ जातो, असे बाई म्हणाल्या. गल्लीतला न्हावी म्हणाला, “बाई, एकविसाव्या वेळी मी डोळे उघडे ठेवणार. या पावाच्या भट्टीवाल्याच्या चष्म्यातून मला माझे हातसुद्धा दिसत नाहीत.”

तिसरा रविवार सोनेरी गुणोत्तराचा होता. माणसाच्या उंचीला बेंबीच्या उंचीने भागले की एक पूर्णांक सहा एक आठ येते असे पुष्कळ ठिकाणी छापलेले असते. ते खरे आहे का हे आपणच मोजून पाहू, असे बाईंनी सुचवले. आकडे दहा दिशांना पांगले. पावाच्या भट्टीवाल्याची बेंबी नेमकी कोठे धरावी यावर वाद झाला, आणि छापलेले सर्वच खरे नसते हे त्या दिवशी सर्वांना पटले.

कार्यक्रम संपताना बाई म्हणाल्या, “पुढचे दोन रविवार आपल्याला सुट्टी आहे. त्यानंतरच्या रविवारी वर्तुळाचा आकडा. तो वर्गातल्याच कोणीतरी घ्यावा असं मला वाटतं.”

वहिनींनी हात वर केला. “मी घेते. गोल वस्तू मी जन्मभर केल्यात.”

“छान. मग आजी, तुमच्या दुकानातला नियमही सांगा लोकांना.”

“सव्वातीन,” वहिनी म्हणाल्या.

बाई थोड्या घुटमळल्या. “सव्वातीन नाही हो. तीन पूर्णांक एक चार. सव्वातीन म्हणजे तीन पूर्णांक दोन पाच. बराच फरक आहे.”

बराच फरक आहे, एवढे तीन शब्द घेऊन वहिनी घरी आल्या. फरक असेल तर तीस इंची पिंपात तो कोठेतरी दिसला पाहिजे, असे त्यांच्या मनाने घेतले. आणि दिसला, तर बावीस वर्षे त्यांच्या हातावर असलेला ठपका कोणाच्या हातावर जाईल हेही त्यांना कळत होते. तो ठपका आपण स्वतः, सर्वांसमोर, आकड्यांनिशी उतरवायचा, असे त्यांनी ठरवले.

दुसऱ्याच दिवशी त्या दुकानात गेल्या. भाऊजी चाळणीला कडे बसवीत होते.

“या, या. वाट चुकलात का वहिनी?”

“भाऊजी, गोल वस्तूचा घेर रुंदीच्या तीन पूर्णांक एक चार पट असतो. सव्वातीन नाही.”

“कोण म्हणतं?”

“बाई म्हणतात. पुस्तकात आहे.”

“तुमच्या बाईंनी किती डबे केलेत?” भाऊजींनी हातोडी खाली ठेवली. “हा घ्या साडेबत्तीसचा पत्रा. वळवतो. हा दहाचा तळ. बसला? बसला. चाळीस वर्षं बसतोय. पुस्तक खोटं की डबा खोटा?”

“दोन्ही खरे दिसतात,” वहिनी म्हणाल्या.

“असं कसं चालेल? शाळेत जाऊन तुम्ही अगदी सरकारी बोलायला लागलात.” मग ते थोडे मऊ झाले. “वहिनी, जुनं उकरायला आलात ना? सोडा ते. कात्री कोणाचीही घसरते. मी कधी मनात ठेवलं का?”

“तुम्ही कशाला ठेवाल? मी ठेवलंय.”

वहिनी तशाच उठून घरी आल्या. उत्तर नसताना भांडण्यात अर्थ नाही हे त्या जाणून होत्या. डबा खरोखरच बसत होता. त्यांनी स्वतः असे हजारो पत्रे कापले होते.

आठवडाभर त्यांनी वहीत उलटसुलट गुणाकार केले. दहाला तीन पूर्णांक एक चारने गुणले की एकतीस पूर्णांक चार, म्हणजे एकतीस इंच तीन सूत. दुकानातला पत्रा बत्तीस इंच चार सूत. एवढा जास्तीचा पत्रा डब्यात कोठे जातो? बाईंनी मदत देऊ केली, तेव्हा वहिनींनी त्यांना बजावले, “तुम्ही उत्तर सांगायचं नाही. तुम्ही सांगितलंत तर भाऊजी म्हणतील, पढवून पाठवलंय.”

शेवटी त्यांनी स्वयंपाकघरातला दहा इंची डबा काढला. त्यातले पीठ परातीत ओतले. घेराभोवती फीत लावून मोजले; एकतीस इंच तीन सूत. पुस्तक खरे. मग छिन्नी घेऊन त्यांनी डब्याचा उभा सांधा उकलायला सुरुवात केली. तो डबा थोरल्यांच्या हातचा होता. सांधा असा घट्ट होता की सोडवायला एक दुपार गेली.

सून दारात येऊन उभी राहिली. “अहो आई, चांगला डबा होता की तो.”

“होता.”

“पीठ कुठं ठेवू मी?”

“दोन दिवस परातीतच राहू दे. घाई आहे मला.”

पत्रा सपाट झाला. वहिनींनी तो फरशीवर दाबून मोजला. बत्तीस इंच चार सूत. भाऊजीही खरे. वळवलेला आणि उघडलेला पत्रा यांच्यात नेमका नऊ सुतांचा फरक होता, आणि नऊ सूत हा शब्द तोंडून निघताच वहिनी छिन्नी हातात घेऊन तशाच बसून राहिल्या.

पत्र्याला पत्रा जोडताना एका टोकाला तीन सुतांची दुमड बाहेर घालतात, दुसऱ्या टोकाला आत. दोन्ही दुमडी एकमेकींत अडकवून ठोकतात. सांध्यात पत्र्याचे चार पदर एकावर एक येतात, त्यांतला एकच घेरात धरला जातो; उरलेल्या तिन्हींचे तिनदा तीन, म्हणजे नऊ सूत खर्ची पडतात. सपाट जोडाला नऊ सूत जास्तीचे द्यायचे, हे दुकानात सर्वांना पाठ होते. पण डब्याच्या स्वतःच्या उभ्या सांध्याला कोणी कधी नऊ सूत दिले नव्हते. द्यावेच लागले नव्हते, कारण सासऱ्यांनी ते सव्वातीनच्या पोटातच घालून ठेवले होते. एकतीस इंच तीन सूत आणि वर नऊ सूत, म्हणजे साडेबत्तीस. दहा इंची डब्याला सव्वातीन अगदी चोख होते. परंतु डबा मोठा झाला म्हणून सांधा मोठा होत नाही. सांधा नऊ सूतच खातो. सव्वातीन मात्र रुंदीबरोबर वाढत जाते.

तीस इंची पिंपाचा गुणाकार त्यांनी लगेच केला नाही. आधी हात धुतले, वही काढली, पेन्सिलीला टोक केले. उत्तर आपल्या विरुद्धही येऊ शकते, आणि आले तरी ते वहीत लिहायचे, असे त्यांनी स्वतःला बजावले. तीस गुणिले तीन पूर्णांक एक चार, चौऱ्याण्णव पूर्णांक दोन. म्हणजे चौऱ्याण्णव इंच दोन सूत. अधिक नऊ सूत. पंच्याण्णव इंच तीन सूत. भाऊजींनी आखले होते साडेसत्त्याण्णव. दोन इंच एक सूत जास्त. त्यांनी तीन वेळा करून पाहिले. तिन्ही वेळा तेच आले.

वर्तुळाच्या रविवारी दालन भरले होते. प्रत्येकाने एक गोल वस्तू आणावी असे सांगितले होते. न्हाव्याने साबणाची वाटी आणली, भट्टीवाल्याने केकचे भांडे, निवृत्त पोस्टमनने भिंतीवरचे घड्याळ काढून आणले. वहिनी फळ्यापाशी उभ्या राहिल्या. त्यांनी टेबलावरचा खडू उचलला.

“घेर मोजा, रुंदी मोजा, भागाकार करा. आकडा मला सांगा.”

आकडे आले. तीन पूर्णांक एक, तीन पूर्णांक एक दोन, तीन पूर्णांक दोन. भट्टीवाल्याचा तीन पूर्णांक चार आला.

“काठाची वळी धरून मोजलंत तुम्ही,” वहिनी म्हणाल्या. “फीत अंगाला चिकटवून घ्या.”

“मागच्या वेळी बेंबी, आता वळी,” न्हावी म्हणाला. “याचं सगळंच बाहेर येतं.”

हशा ओसरला. वहिनींनी फळ्यावर सावकाश तीन लिहिले, दशांश चिन्ह दिले, आणि पुढे एक चार एक पाच नऊ. “वाटी असो, घड्याळ असो, हा आकडा तोच. पुढं तो संपत नाही.”

“आमच्या दुकानात संपतो,” मागून आवाज आला. भाऊजी उठले होते. त्यांच्या एका हातात साडेबत्तीस इंचांचा सपाट पत्रा होता, दुसऱ्या हातात दहा इंची तळ. “सव्वातीनला संपतो. मोजा.”

लोक वहिनींकडे पाहू लागले. भाऊजी हे करणार याची त्यांना खात्री होती. किंबहुना त्यांनी ते करावे म्हणूनच पुढची खुर्ची रिकामी ठेवली होती.

“या भाऊजी, पुढं या. तुमचा पत्रा बरोबर आहे. आता मला सांगा, दोन पत्रे जोडायचे तर जोड किती खातो?”

“नऊ सूत. हे काय विचारणं झालं?”

“आणि डब्याचा उभा सांधा किती खातो?”

“नऊ…” भाऊजी बोलता बोलता थांबले.

“ते नऊ सूत आपण कधी दिले?”

भाऊजींनी हातातल्या पत्र्याकडे पाहिले. वहिनींनी फळ्यावर बेरीज मांडली आणि साडेबत्तीसखाली रेघ ओढली. मग टेबलामागून पुठ्ठ्याची तीस इंची चकती आणि जाड तपकिरी कागदाच्या दोन लांब पट्ट्या काढल्या. पहिली साडेसत्त्याण्णवची. ती त्यांनी भाऊजींच्या हाती दिली. “टोकांवर नऊ सुतांचा जोड घ्या आणि कडं करा. तुम्हीच करा. माझा हात नको त्यात.”

भाऊजींनी खिशातून आपली पट्टी काढली, लांबी मोजली, नऊ सूत मोजले, टोके डकवली. बाईंनी आणि पोस्टमनने कडे आडवे धरले. वहिनींनी चकती वर ठेवली. ती आरपार खाली पडली.

दालनात कोणी हसले नाही. दुसरी पट्टी पंच्याण्णव इंच तीन सुतांची होती. तीही भाऊजींनीच मोजली आणि जोडली. या वेळी चकती कड्यात बसली आणि तेथेच राहिली.

भाऊजींनी त्या कड्याला पुन्हा एकदा पट्टी लावून पाहिली. मग हलकेच म्हणाले, “पंच्याण्णव तीन. म्हणजे एकाच पत्र्यात बसलं असतं. पट्टी लागलीच नसती.”

“लागली नसती.”

“वडिलांचा नियम चुकला, असं मी म्हणणार नाही वहिनी.”

“मीही म्हणणार नाही. त्यांनी दहा इंचीचा नियम दिला होता. तीस इंचीला तो आपण लावला.”

“मी लावला,” भाऊजी म्हणाले.

“मला ऐकू आलं. मागं बसलेल्यांना आलं नसेल.”

भाऊजींनी त्यांच्याकडे पाहिले. वहिनींनी नजर हटवली नाही. तेव्हा ते लोकांकडे वळले आणि मोठ्याने म्हणाले, “ते पिंप… माप मी काढलं होतं. वहिनींनी कापलं ते बरोबर रेघेवर कापलं होतं. रेघ चुकीची होती.”

न्हावी म्हणाला, “मग आता ढिल्या वस्तूला काय म्हणायचं आम्ही? भाऊजींचं पिंप?”

“काही म्हणू नका,” वहिनी म्हणाल्या. “मोजा, आणि नीट करा.” आणि त्या फळ्याकडे वळल्या, कारण घड्याळाचा भागाकार अजून राहिला होता.

परतताना पुठ्ठ्याची चकती भाऊजींनी काखेत धरली होती. वाऱ्याने ती सारखी फिरत होती.

“तीन पूर्णांक एक चार,” भाऊजी एकदम म्हणाले. “पुढं काय म्हणालात?”

“एक पाच नऊ.”

“आणि पुढं?”

“दोन सहा पाच. मग पुढं पुष्कळ. बाई म्हणतात, कोणालाच शेवट सापडला नाही, सापडणारही नाही.”

“मग आपण कुठं थांबायचं?”

“सूत येईपर्यंत. त्याहून बारीक आपली कात्री कापत नाही.”

भाऊजींनी मान हलवली. दुकानाच्या बंद दारापाशी आल्यावर ते थांबले. “चोवीस इंची टाकीचं काम आलंय. सव्वातीननं अठ्ठ्याहत्तर काढून ठेवलं होतं मी. पत्रा अजून कापला नाही.”

वहिनींनी तेथेच, रस्त्यात उभ्या राहून, बोटांवर गुणाकार केला. त्यांना बराच वेळ लागला. भाऊजींनी घाई केली नाही.

“साडेश्याहत्तर,” त्या म्हणाल्या. “पण वहीत करून बघते. दुकान किती वाजता उघडता?”

“आठला.”

“मी पावणेआठला येते.”

“पावणेआठला कुलूप कोण उघडणार?”

“तुम्ही.”